कारण: नावात त्रुटी

सरकार कुणाच्या पोराचं नाव मंजूर करत नाही आणि नामंजूरही करत नाही. आईबाप जे सांगतील ते लिहायचं, एवढंच काम. हे आधीच सांगून टाकते, कारण मी जिथे आठ वर्षं नोकरी केली त्या गावात आजही निम्म्या बायका याच्या उलट सांगतील. सरकारकडे नावांची यादी असते, जुनी नावं तिच्यातून काढून टाकली आहेत, म्हणून पोर झालं की आधी ऑफिसात विचारून घ्यावं, असं तिथे सगळे धरून चालतात. ही अफवा कुणी उठवली याचा शोध घ्यायला नको. मीच उठवली.

मी ग्रामसेविका. धुळ्याहून एसटी, फाट्यावर उतरून काळीपिवळी, आणि शेवटचा तुकडा पायी, अशी माझी तेव्हाची रोजची वारी. गाव म्हणजे हजार-बाराशे उंबऱ्यांचं, कपाशीचं. घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही म्हणून भांडायला येणारे, पाण्याच्या टाकीचा वॉल्व कुणी फिरवला म्हणून भांडायला येणारे, आणि ज्यांना भांडायला काहीच नाही तेही बसायला येणारे. या सगळ्यात मधेच जन्म-मृत्यूच्या नोंदी. कायद्यानं मी त्या गावाची निबंधक होते. शब्द मोठा वाटतो, पण खुर्चीचा एक हात तुटलेला होता.

मी नवीन रुजू झाले तेव्हा पंचायतीच्या ऑफिसात बाईमाणसाला जायची सोय नव्हती. ही गोष्ट कुणी लिहीत नाही, पण नोकरी करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस याच काळजीत जातो. मी सकाळपासून पाणी प्यायचंच टाळायचे. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या मागच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. शिपाई बाहेर गेल्याचं बघून हळूच म्हणाली, "मॅडम, लाजू नका. आमना घर सोय शे." त्या दिवसापासून दुपारी एकच्या सुमाराला तिच्या अंगणात माझ्यासाठी भरलेली बादली असायची. बादलीपाठोपाठ कळण्याची भाकरी आली, ठेचा आला, हिवाळ्यात भरीत आलं. मी नको म्हणायचे आणि बसायचे.

तिला एक मुलगा, एक मुलगी. मुलगी बारावी झालेली, हुशार, ऑनलाइन अर्ज भरायला मला मदत करायची. माझा धाकटा भाऊ जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. सोयरीक मीच जमवली, आणि एका उन्हाळ्यात ती मुलगी माझी भावजय झाली. पाठवणीच्या वेळी तिची आई माझा हात धरून म्हणाली, "तुमना हातमा दिधी मॅडम. आते माले घोर नही."

पुढच्या वर्षी त्या बाईला कावीळ झाली. पंधरा दिवस झाडपाल्याच्या औषधात गेले, आणि धुळ्याला न्यायची गाडी दारात येईपर्यंत ती घरातच गेली. माझी भावजय तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी. दहाव्यानंतर मी मृत्यूची नोंद केली. तिचं नाव टाईप केलं, स्क्रीननं ते घेतलं, दाखला निघाला, मी सही करून तिच्या मुलाच्या हातात दिला. ते नाव मी इथे लिहीत नाही. आपल्याकडे आधीच्या पिढीत घरोघर सापडायचं तसं होतं, साधं, दोन अक्षरांचं. ते लिहायचा हक्क मी घालवला आहे असं मला वाटतं.

आई नसली तरी पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असं भावजयीनं ठरवलं. बाप आणि भाऊ दोघंच घरात, म्हणून एक म्हातारी चुलती येऊन राहिली. गावातल्याच उपकेंद्रात मुलगी झाली. मी ऑफिसातून पळत गेले आणि पोरीला बघून रडले. ते रडणं खरं होतं. पुढे जे केलं त्यामुळे कुणाला खोटं वाटेल, पण खरं होतं.

आता माझ्या मनातल्या नावाबद्दल सांगायला हवं. ते माझं नव्हतंच. आमच्या गटविकास अधिकारी मॅडम एकदा बैठकीला आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. टाय लावलेली, बूट घातलेली, तोंडभरून इंग्रजी बोलणारी पोर. तिचं नाव ऐकलं आणि मी ठरवून टाकलं, आमच्या घरात पहिली मुलगी झाली की हेच. अर्थ मोबाईलवर शोधला तर दोन निघाले, आणि दोन्ही एकमेकांशी जुळेनात. मला त्याचं काही वाटलं नाही. ते नाव घेतलं की घर साहेबाचं वाटायचं. माझं स्वतःचं नाव आजीचं ठेवलेलं आहे, आणि प्रशिक्षणाला गेले तेव्हा हजेरी घेताना बाकीच्या मुली त्यावर फिदीफिदी हसल्या होत्या. ते हसू मी कितीतरी वर्षं सांभाळून ठेवलं. भावाला फोनवर नाव सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, तू म्हणशील तसं. भावजयीला विचारायचं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात विचारायचं काय, अशी माझी समजूत.

उपकेंद्रात जन्म झाला की नर्सबाई ऑनलाइन फॉर्म भरून पाठवते आणि तो माझ्या लॉगिनला येतो. बाळाच्या नावाची चौकट बहुतेक वेळा रिकामीच असते, कारण बारसं व्हायचं असतं. नाव मागाहून भरता येतं. पाचव्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडला तर आमच्या पोरीचा फॉर्म आलेला, आणि चौकट भरलेली. त्या गेलेल्या बाईचं नाव.

मी नर्सबाईला फोन केला. ती म्हणाली, "मी म्हटलं तिला, बारसं होऊ दे. पण ती ऐकेचना. म्हणाली, आत्ताच लिहा, म्हणजे पक्कं होईल."

मला राग आला. तो कशाचा होता ते मी पुष्कळ वर्षं नीट सांगू शकले नाही, आता सांगते. वरवर तो मानपानाचा होता, बारा दिवस व्हायच्या आत, आत्याला न विचारता नाव ठेवून मोकळी झाली म्हणून. पण त्याच्या तळाशी एक फार हलकी गोष्ट होती. बैठकीत मॅडमनं विचारलं, भाचीचं नाव काय ठेवलं, तर मला ते गावंढळ नाव सांगावं लागणार होतं. ज्या बाईनं इतकी वर्षं माझी लाज राखली, तिचं नाव घ्यायची मला लाज वाटली. यापेक्षा सरळ मला लिहिता येत नाही.

फॉर्मच्या खाली दोन बटणं असतात. एक हिरवं, अ‍ॅप्रूव्हचं. एक लाल, रिजेक्टचं. ते लाल बटण कशासाठी असतं, तर तारीख चुकली, बापाचं आडनाव अर्धंच भरलं, कागद जोडायचा राहिला, अशा वेळी फॉर्म परत पाठवायला. लाल दाबलं की कारण लिहायची चौकट उघडते, आणि कारण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी थोडा वेळ बघत बसले. मग लिहिलं, "नावात त्रुटी". आणि दाबलं. नावासमोर इंग्रजीत लाल अक्षरं आली, रिजेक्टेड. माझ्या लॉगिननं, माझ्या नावावर. ती नोंद कुठल्या तरी सर्व्हरवर अजून असणार.

संध्याकाळची एसटी सोडून मी भावजयीकडे गेले. मोबाईलवर त्या लाल अक्षरांचा फोटो काढून नेला होता, म्हणजे बघा किती तयारीनं गेले. ती पोरीला पाजत बसलेली. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"अक्का, नाव मायनं ठेवं. नर्सबाईनी भरी दिधं. आते माय आठेच ऱ्हाई, मन्हा जवळ."

आईचं नाव ठेवलं, म्हणजे आई आता इथेच तिच्याजवळ. घरात आम्ही दोघी अहिराणीतच बोलायचो. मी लहानपणापासून तेच बोलत आले. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून ऑफिसची मराठी निघाली. खोटं बोलायला मला अहिराणी जमली नाही.

"हे बघ," मी म्हणाले, "ते नाव वरून परत आलंय. नामंजूर झालंय. असली जुनी नावं आता सिस्टीम घेत नाही." आणि फोटो दाखवला.

तिनं मोबाईल हातात घेतला. बारावी शिकलेली होती, ते इंग्रजी तिला वाचता येत होतं. वाचलं. मग म्हणाली, "पण अक्का, मयतना दाखलावर तर तेच नाव उनं ना. तुम्हीनच तर काढी दिधा."

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी थांबलेही नाही, याचीच मला जास्त शरम वाटते. लगेच म्हणाले, "मयताची नोंद वेगळी असते. जन्माची यादी वेगळी. मयताला जुनं नाव चालतं, जन्माला नाही."

पोरीचं दूध पिऊन झालं होतं, तिला खांद्यावर घेऊन ती पाठीवर हळूहळू थोपटत राहिली. मग तिनं विचारलं, "सरकारले मन्ही मायनं नाव काबरं चालत नही? मायनी सरकारनं काय करं व्हतं?"

"नियम आहे," मी म्हणाले.

"सरकारच नही म्हनस, मंग काय करसूत," ती म्हणाली आणि पोरीला खाली ठेवून तिचं दुपटं नीट करायला लागली. रडली असती तर कदाचित माझा धीर सुटला असता आणि मी खरं बोलून गेले असते. असं मी स्वतःला सांगते. पण तिनं रडायला हवं होतं असं म्हणणं म्हणजे माझी चूक तिच्या गळ्यात बांधणं झालं.

नर्सबाईनं दोन दिवसांनी फॉर्म पुन्हा पाठवला, मी ठरवलेल्या नावाचा. मी हिरवं बटण दाबलं. त्या दोन दिवसांत सगळं परत फिरवता आलं असतं. एकदा नाव चढलं की बदलणं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, खेपा. बारशाला मी दाखला लॅमिनेशन करून नेला आणि पाळण्यात ठेवला. बायकांनी त्याचं फार कौतुक केलं. बारशाआधीच सरकारी दाखला, ग्रामसेविका आत्या असल्याचा फायदा, असं सगळ्या म्हणाल्या. भावजयीनं माझ्या पाया पडून पोरीला माझ्या ओटीत दिलं.

माझं खोटं तिथेच मरून गेलं असतं तर मी ते विसरलेही असते. पण ते चालू लागलं. भावजयीनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं आशाताईला, आणि दोन महिन्यांत एक म्हातारी नातवाच्या नोंदीला आली ती हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर तीन नावं. म्हणाली, "मॅडम, यामानं कोनतं पास व्हस ते देखा." मी म्हणायला हवं होतं, आजी, सगळी पास आहेत, कुठलंही ठेवा. पण ती भावजयीच्या गल्लीतली. तिला खरं सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत भावजयीच्या बापाच्या ओट्यावर पोचलं असतं. मी कीबोर्डवर उगाच बोटं चालवली, स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाले, "दुसरं होतंय."

त्यानंतर लोक विचारायला यायलाच लागले. सातपुड्याच्या पायथ्याकडून कापूस वेचायला आलेलं एक जोडपं गावातच बाळंत झालं. त्यांच्यात पोर ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवायची रीत. तो बाप हात जोडून उभा राहिला आणि त्यानं अडखळत विचारलं, आमचं वाराचं नाव चालंल का, नाहीतर दुसरं सांगा. मी चालेल म्हणाले. त्यानं मी त्याला जमीन नावावर करून दिल्यासारखा नमस्कार केला. जे त्याचं होतं ते त्यालाच देऊन मी उपकार करून बसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

माझी बदली झाली आणि मी सुटले असं मला वाटलं. भाची जळगावला शाळेत जायला लागली. तिच्या वर्गात त्याच नावाच्या तीन मुली निघाल्या, म्हणून बाई तिला बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावून हाक मारतात. भावजय ते हसत सांगते. घरात मात्र ती पोरीला त्या नावानं कधी हाक मारत नाही. "माय" म्हणते. आपल्याकडे सगळ्याच पोरींना माय म्हणतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं.

यंदा भावजयीच्या भावाला मुलगी झाली. त्याच गावात. भावजयीचा फोन आला, "अक्का, बारसाले येवानंच शे. मी आत्या व्हयनी." मी काहीतरी सबब सांगणार होते, पण तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी हो म्हणून बसले.

ते घर तेच. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं. मला बघून गल्लीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या, मॅडम आल्या, मॅडम आल्या. मला पाळण्याजवळच्या सतरंजीवर बसवलं. भावजय आतून आली, नवीन साडीत, आणि सगळ्यांच्या देखत माझ्याजवळ बसून सांगायला लागली.

नाव ठेवायचा मान आता तिचा होता. पण तिनं आधी बाळंतिणीला विचारलं. म्हणाली, तुझी पोर आहे, तुझ्या मनात काही असेल तर तेच ठेवू. बाळंतीण म्हणाली, माझ्या मनात सासूबाईंचंच आहे, पण ते तर सरकारात चालत नाही म्हणतात. तरी दोघींनी ठरवलं, एकदा विचारून बघू. भावजय पंचायतीत गेली, कागदावर दोन नावं लिहून. वर आईचं, खाली दुसरं, परत आलं तर असावं म्हणून. नवीन ग्रामसेवकांनी कागद बघितला, म्हणाले, पोर तर एकच, नावं दोन कशाला. आणि वरचं लिहून टाकलं. तिला वाटलं, उद्या वरून परत येईल. चार दिवस माहेरीच थांबून ती रोज विचारायला गेली. पाचव्या दिवशी दाखला हातात आला.

दाखला तिनं माझ्यापुढे धरला. बाळाच्या नावाच्या चौकटीत ते नाव होतं. कुठे काही लाल नव्हतं.

तिला आता कळलं, असं मला वाटलं. पण तिच्या डोळ्यांत तसं काहीच नव्हतं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"अक्का, तुम्हीनच वर लिखं व्हई ना?" ती म्हणाली. "माले माहीत शे, तुमले ते लागी ऱ्हायनं व्हतं. तुम्ही कधी बोलन्या नहीत. पन तुम्हीनच लिखं, म्हनीसन सरकारनी मन्ही मायनं नाव खुलं करं."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला याच्याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. ज्यांनी चिठ्ठ्या आणल्या होत्या त्या तिथेच बसल्या होत्या. चिठ्ठीवालीही होती, कोपऱ्यात, आता डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, कान माझ्याकडे करून. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, आणि या वेळी अहिराणी निघाली.

"हां वं माय," मी म्हणाले. "लिखं व्हतं."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, मॅडमचं मन मोठं. भावजयीनं पाळण्यातून पोर उचलली आणि माझ्या मांडीवर दिली. "पहिलं तुम्ही घ्या अक्का. मन्हा मान तुमले. तुम्हीनच सोडाई आणं हाई नाव."

मी नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पोर हलकी होती, तिच्या टाळूला तेलाचा वास येत होता. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि जे नाव मी त्रुटी म्हणून परत पाठवलं होतं ते घेतलं. आपल्याकडे कानात नाव घेणाऱ्या आत्याच्या पाठीत बाकीच्या बायका धपाटे घालतात, तशी रीतच आहे. चार-पाच जणींनी हसत हसत घातले. भावजयीचा हातही त्यात होता, अगदी हलका, लागू नये असा. मी लवकर वर झाले नाही.